‘मूळ ग्रीकमध्ये’ : नव्या कराराच्या शब्दांचा अर्थ आणि आपली मराठी

मराठी चर्चमधल्या संदेशात एक वाक्य वरचेवर ऐकू येते : ‘मूळ ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ असा आहे.’ हे वाक्य आले की ऐकणाऱ्याचा त्या अर्थावर विश्वास बसतो. मूळ भाषेला हा मान मिळायलाच हवा. नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला आणि आपण वाचतो ते भाषांतर आहे, ही जाणीव त्यामागे असते. मात्र त्या वाक्यानंतर जे सांगितले जाते, ते कशाच्या आधारावर? कोशाच्या, व्युत्पत्तीच्या, की प्रत्यक्ष वापराच्या? आणि ग्रीक शब्दासाठी आपण जो मराठी शब्द ठेवला, त्याचा स्वतःचा अर्थ कोण तपासतो? गेल्या सव्वाशे वर्षांत पहिल्या प्रश्नावर जगभर भरपूर काम झाले. दुसरा प्रश्न आपला आहे आणि तो बराचसा पडून राहिला आहे.

हा दुसरा प्रश्न समजून घ्यायला जालना जिल्हा फार उपयोगी पडतो. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ‘दास’ हा शब्द नावातच धारण करणारा हा संत १६०८ साली तिथे जन्मला. त्याच जिल्ह्यात, जालना शहराजवळ, एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. शेषाद्री ब्राह्मण कुटुंबातले. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले आणि त्याच्या शुद्धीकरणावरून मोठा वाद पेटला. त्या वादात बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत जातीत घ्यावे म्हणून उभे राहिले. नारायण शेषाद्री पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे दीक्षित पाळक झाले आणि १८६०च्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल वसले. तिथे आलेली माणसे प्रामुख्याने मांग आणि महार समाजातली होती.

या माणसांच्या हाती मराठी नवा करार आला तेव्हा पौलाच्या पत्रांच्या सुरुवातीलाच त्यांना एक शब्द भेटला : दास. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल स्वतःची ओळख येशू ख्रिस्ताचा दास अशी करून देतो. ग्रीक शब्द ‘दूलोस’. नव्या करारात तो सव्वाशेच्या आसपास वेळा येतो, आणि रोमन साम्राज्यात त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ एकच होता : विकत घेतलेला, विकता येणारा, ज्याच्या देहावर मालकाचा हक्क आहे असा माणूस. मराठीत त्यासाठी ‘गुलाम’ हा शब्द हाताशी होता. निजामाच्या राज्यात, जिथे दरबारी भाषा आधी फारसी आणि मग उर्दू होती, तो सर्वांना कळणाराही होता. तरी भाषांतरकारांनी ‘दास’ निवडला.

‘दास’ या शब्दामागे मराठीत मोठी परंपरा आहे. नवविधा भक्तीतली सातवी भक्ती दास्याची, आणि दासबोधाच्या चौथ्या दशकात तिच्यावर स्वतंत्र समास आहे. मराठी माणूस ‘मी देवाचा दास’ म्हणतो त्यात कमीपणा नसतो, जवळीक असते आणि थोडा अभिमानही असतो. बाजारात माणूस विकला जातो हे चित्र त्यातून उभे राहत नाही. म्हणजे पौलाचे वाक्य मराठीत आले ते भक्तीच्या सुरात. इफिस किंवा करिंथमधल्या ऐकणाऱ्याला ते तसे ऐकू आले असेल का?

इथे घाईने निकाल देऊ नये, कारण दोन्ही बाजूंना पुरावा आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, मोशे आणि दावीद यांना देवाचे ‘दूलोस’ म्हटले आहे आणि तिथे ती पदवी आहे. पौल त्या परंपरेत वाढलेला यहुदी होता. त्या अंगाने ‘दास’ अगदी योग्य ठरतो. डेल मार्टिन यांनी १९९० साली एक तिसरी बाजू पुढे आणली. रोमन समाजात बड्या मालकाच्या गुलामाला मालकाच्या नावाने अधिकार चालवता येत असे, म्हणून ‘ख्रिस्ताचा गुलाम’ या शब्दांत अधिकाराचाही दावा होता, असे त्यांचे म्हणणे. पण पौलाची पत्रे ज्या घरांत वाचली गेली त्या घरांत खरे गुलाम बसलेले होते. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात हे रूपक वापरताना तो मध्येच थांबतो आणि तुमच्या दुर्बलतेमुळे मी माणसांच्या व्यवहाराच्या भाषेत बोलतो आहे, असा खुलासा करतो. रूपक बोचणारे आहे याची त्याला जाणीव होती. ‘दास’ वाचताना ही बोच आपल्याला लागत नाही.

फिलेमोनाला लिहिलेले पत्र पाहिले की हे जास्त स्पष्ट होते. पंचवीस वचनांचे हे पत्र एका मालकाला त्याच्या अनेसिम नावाच्या गुलामाविषयी लिहिलेले आहे. त्याला आता दास म्हणून न ठेवता प्रिय बंधू म्हणून स्वीकार, अशी पौलाची विनंती आहे. सोळाव्या वचनात ‘दूलोस’ दोनदा येतो आणि मराठीत दोन्ही ठिकाणी दासच आहे. या पत्राच्या आरंभी पौल स्वतःला ‘दूलोस’ म्हणत नाही, ‘देस्मियोस’ म्हणतो, म्हणजे बंदिवान. ज्याच्या घरात गुलाम आहे त्याच्याशी गुलामाबद्दल बोलताना त्याने स्वतःसाठी तो शब्द टाळला, असे मला वाटते. हा बारकावा ‘दास’ या शब्दातून निसटतो, कारण त्यात भक्त आणि गुलाम एकाच पांघरुणाखाली येतात.

बेथेल वाढत होते त्याच काळात, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांनी ‘गुलाम’ हा शब्द जातिव्यवस्थेवर रोखला. म्हणजे ज्या दशकात मराठीत या शब्दाला राजकीय धार आली, त्याच दशकात वेठबिगारी आणि वतनी कामाखाली दबलेली माणसे जालन्यात ‘दास’ हा शब्द श्रद्धेने वाचत होती. ख्रिस्ताने ‘दूलोस’चे रूप घेतले असे फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे आणि लगेच पुढे त्याच्या वधस्तंभावरच्या मरणाचा उल्लेख येतो. रोमन जगात ती शिक्षा गुलामांची म्हणून ओळखली जाई. ‘गुलामाचे रूप’ असे वाचले तर दोन्ही गोष्टींची सांगड तत्काळ बसते. माझे मत असे की फिलेमोन आणि फिलिप्पै या दोन ठिकाणी तरी तळटीपेत ‘गुलाम’ हा शब्द यायला हवा. बाकी बहुतेक ठिकाणी ‘दास’ राहू द्यावा.

आता पहिल्या प्रश्नावर जगात काय घडले ते पाहू. नव्या करारात सुमारे १,३८,००० ग्रीक शब्द आहेत, पण वेगवेगळे शब्द मोजले तर ते साडेपाच हजारांच्या आत भरतात. अभिजात ग्रीकपेक्षा ही भाषा निराळी वाटत असे, म्हणून अनेक विद्वान तिला खास पवित्र ग्रंथाची भाषा मानत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इजिप्तच्या वाळूत पपायरसचे ढीग सापडले : पावत्या, करार, घरगुती पत्रे, तक्रारअर्ज. आडोल्फ डाइसमान यांनी ते तपासून दाखवले की पौल आणि शुभवर्तमानकार बाजारातली, घरातली ग्रीक लिहीत होते. एक उदाहरण पाहा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दिखाऊ दानधर्म करणाऱ्यांनी आपले प्रतिफळ भरून पावले आहे असे येशू म्हणतो. तिथले ‘आपेखो’ हे क्रियापद पपायरसांवरच्या पावत्यांमध्ये वारंवार आढळते : पूर्ण रक्कम मिळाली, येणे बाकी नाही. जालन्याच्या मोंढ्यातल्या आडत्याला हा अर्थ कोशाशिवाय कळेल. मोल्टन आणि मिलिगन यांनी १९१४ ते १९२९ या काळात असे दाखले जमवून कोशच काढला.

याच्या उलट दिशेने जाणारी परंपराही होती. गेरहार्ड किट्टल यांच्या संपादनाखाली १९३३पासून निघालेल्या प्रचंड धर्मशास्त्रीय कोशात एकेका शब्दावर दीर्घ निबंध होते, आणि वाचकाचा समज असा होई की शब्दाच्या पोटात अख्खा सिद्धांत साठवलेला असतो. १९६१ साली जेम्स बार यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. अर्थ वाक्यातून येतो. एखाद्या शब्दाच्या सगळ्या वापरांतले अर्थ गोळा करून ते प्रत्येक ठिकाणी ओतता येत नाहीत, आणि व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. पुढे लोव आणि नायडा यांनी १९८८ साली काढलेल्या कोशात शब्द वर्णक्रमाने न लावता अर्थक्षेत्रांनुसार लावले, म्हणजे ‘प्रेम’ या क्षेत्रातले सगळे शब्द एकत्र. भाषांतरकारांना त्याचा फार उपयोग झाला.

बार यांचे म्हणणे भारतीय वाचकाला नवे वाटू नये. आपल्या मीमांसकांनी आणि अलंकारशास्त्र्यांनी व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवान असते हे केव्हाच सांगून ठेवले. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश गवत नीट तोडणारा आणि ‘प्रवीण’ म्हणजे वीणा उत्तम वाजवणारा, अशी उदाहरणे ते देत. कुशल सुताराबद्दल बोलताना गवत कोणाच्या मनात येत नाही. तरीही ‘हामार्तिया’ म्हणजे नेम चुकणे, म्हणून पाप म्हणजे नेम चुकणे, हे आजही संदेशात सांगितले जाते. पौलाच्या काळी तो शब्द पाप, अपराध याच अर्थाने रुळलेला होता. ‘एक्लेसिया’ म्हणजे बाहेर बोलावलेले लोक, हेही तसेच. तो शब्द नगरसभेसाठी सर्रास वापरात होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसमध्ये जमलेल्या गोंधळलेल्या जमावालाही लूक ‘एक्लेसिया’च म्हणतो. ‘दूनामिस’वरून डायनामाईट आले, म्हणून देवाचे सामर्थ्य स्फोटक, हा तर उलटा प्रवास झाला. डायनामाईट हे नाव १८६७चे. ‘अगापे’ म्हणजे फक्त दैवी, निःस्वार्थ प्रेम, ही समजूतही टिकत नाही. सेप्टुआजिंटमध्ये अम्नोनाच्या तामारेवरच्या वासनेलाही त्याच कुळातला शब्द आहे, आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात देमास या जगावर जे प्रेम करतो त्याचेही क्रियापद तेच आहे. ख्रिस्ती प्रेमाची खोली त्या प्रेमाविषयी काय सांगितले आहे त्यात आहे. शब्दाच्या अक्षरांत ती शोधू नये.

मराठी भाषांतरांचा इतिहास या वादांपेक्षा जुना आहे. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरला पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मत्तय १८०५ साली आणि संपूर्ण नवा करार १८११ साली मोडीत छापला. मुंबईत अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ साली पुरा झाला, संपूर्ण बायबल १८४७ साली. त्याआधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले होते, पण त्यांच्यासमोर लॅटिन बायबल होते. बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले. खेड्यातल्या बाईला कळावे हा त्यांचा हेतू होता. त्या १९२२ साली गेल्या आणि त्यांचे बायबल १९२४ साली पूर्ण छापून आले. एका व्यक्तीने एवढे मोठे काम केल्याचे दुसरे उदाहरण मराठीत मला माहीत नाही, आणि रमाबाईंच्या समाजकार्याच्या गौरवात हे काम झाकले जाते याचे वाईट वाटते. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

या सगळ्या परंपरेतून आलेल्या प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात काही निवडी अशा आहेत की ग्रीक वाचून आल्यावर त्यांचे मोल कळते. ‘मंडळी’ हा शब्द घ्या. ‘एक्लेसिया’चा जमलेल्या माणसांचा अर्थ त्यात पुरता उतरतो, इमारत मध्ये येत नाही. ‘पाराक्लेतोस’ नव्या करारात फक्त पाच वेळा येतो, चारदा योहानाच्या शुभवर्तमानात आणि एकदा त्याच्या पहिल्या पत्रात. जुन्या इंग्रजी भाषांतराने शुभवर्तमानात सांत्वन करणारा आणि पत्रात वकील असे दोन वेगळे शब्द वापरले. मराठीत ‘कैवारी’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. बाजू घेणारा, पाठीशी उभा राहणारा, वेळ आली तर चावडीवर आपल्या वतीने बोलणारा : ग्रीक शब्दातही हेच आहे. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू पेत्राला त्याच्या प्रेमाविषयी तीनदा विचारतो तेव्हा ग्रीकमध्ये दोन क्रियापदे आलटूनपालटून येतात, आणि मराठीने ‘प्रीती’ आणि ‘प्रेम’ असे दोन शब्द ठेवून तो फरक जपला. त्या फरकाला योहानाने अर्थ दिला की केवळ शैलीसाठी शब्द बदलले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला शैलीचे कारण जास्त पटते. पण वाचकाला तपासायची संधी मराठीने दिली, हे महत्त्वाचे.

‘मेतानोइया’चे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. मन पालटणे, जीवनाची दिशा बदलणे हा त्याचा नव्या करारातला वापर, आणि त्यामागे देवाकडे परत फिरण्याची हिब्रू संदेष्ट्यांची हाक. आपल्याकडे त्याला ‘पश्चात्ताप’ म्हणतात, ज्यात मागाहून होणारा ताप, जळजळ मुख्य. ग्रीकमध्ये नुसत्या हळहळीसाठी ‘मेतामेलोमाई’ हे वेगळे क्रियापद आहे, आणि येशूला धरून दिल्यावर यहूदाच्या मनाची जी अवस्था झाली तिथे मत्तयाने ते वापरले आहे. मराठीत तिथे यहूदा ‘पस्तावला’. पस्तावणे हे पश्चात्तापाचेच बोलीतले रूप. म्हणजे ग्रीकमध्ये दोन निराळ्या मुळांचे शब्द, मराठीत एकाच शब्दाची दोन रूपे. भाषांतरकारांनी फरक करायचा प्रयत्न केला हे नक्की, पण ऐकणाऱ्याला रडणे आणि वळणे यांतले अंतर कळत नाही. सभांमध्ये पश्चात्तापाचे माप अश्रूंवर ठरते, त्याला या शब्दाचाही हातभार लागत असावा. ‘मनपरिवर्तन’ हा पर्याय सुचवला जातो, पण तो भाषणातला, सरकारी वाटतो. मला ‘माघारी फिरणे’ हा साधा शब्दप्रयोग जास्त जवळचा वाटतो.

भाकरीबद्दल थोडे सविस्तर. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतला ‘आर्तोस’ मराठीत भाकर झाला. जालना ज्वारीचा मुलूख, तिथे याहून नेमका शब्द मिळणे अवघड. योहानाच्या सहाव्या अध्यायातल्या पाच भाकरी जवाच्या आहेत, गरिबाच्या धान्याच्या, आणि हा सूर भाकरीत आपोआप येतो. शेवटच्या भोजनात भाकर खमिराची होती की बेखमीर, यावर पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये अकराव्या शतकात कडाक्याचे भांडण झाले. मराठी भाकर त्या भांडणात पडत नाही. खरी अडचण ‘आर्तोस’ला जोडलेल्या ‘एपिऊसियोस’ या विशेषणाची आहे. ‘रोजची’ असे आपण म्हणतो. हा शब्द या प्रार्थनेबाहेर ग्रीकमध्ये सापडत नाही. तिसऱ्या शतकातला ओरिजेन स्वतः ग्रीकभाषक होता, आणि त्यालाही तो शुभवर्तमानकारांनी घडवलेला वाटला. जेरोमने लॅटिनमध्ये लूकात ‘रोजची’ आणि मत्तयात ‘द्रव्यातीत’ अशा अर्थाचे दोन वेगळे शब्द ठेवले. १८८९ साली इजिप्तमध्ये सापडलेल्या एका घरखर्चाच्या यादीत हा शब्द वाचल्याचे जाहीर झाले, पुढची कित्येक दशके कोशांनी तो दाखला दिला, आणि मग तो पपायरस हरवला. १९९८ साली तो पुन्हा हाती लागला तेव्हा दिसले की तिथे तेलासाठीचा शब्द होता. आज ‘रोजची’, ‘उद्याची’ आणि ‘जगण्यापुरती’ असे तिन्ही अर्थ विद्वानांपुढे आहेत. उद्याच्या भाकरीची चिंता ज्याला आज आहे त्या मजुराच्या तोंडी हे तिन्ही अर्थ एकत्रच असतात, म्हणून मी ‘रोजची’ बदलणार नाही.

‘बाप्तिस्मा’ हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवण्यामागे पंथभेद होते. बंगाली आणि ब्रह्मी भाषांतरांत ‘बुडवणे’ हा अर्थ घातल्यावरून १८३०च्या दशकात बायबल सोसायट्यांमध्ये फूट पडली. ‘प्न्यूमा’ म्हणजे वाराही आणि आत्माही. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातली ती द्व्यर्थी गंमत मराठीत येऊ शकत नाही, तळटीप हाच उपाय. पौलाच्या ‘सार्क्स’साठी ‘देहस्वभाव’ हा शब्द उत्तम साधला आहे, कारण नुसता ‘देह’ म्हटले असते तर शरीरच पापी असा गैरसमज पक्का झाला असता.

अडचण साधनांची आहे. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरीत आणि ज्ञानदीप विद्यापीठात ग्रीक शिकवले जाते, पण शिकायचे माध्यम इंग्रजी. जालना-बीडकडचा पाळक ग्रीक शब्दाचा अर्थ इंग्रजी कोशातून घेतो आणि मग मराठीत सांगतो. म्हणजे दूलोसकडून दासकडे जाताना वाटेत एक इंग्रजी शब्द मुक्काम करतो, आणि अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या आठवणीने त्या इंग्रजी शब्दाबाबत जे वाद झाले तेही सोबत येतात. आपल्याला हवा तो ग्रीक-मराठी कोश दोन्ही भाषांच्या वापरावर उभा असायला हवा. त्यात ‘दूलोस’ या नोंदीखाली सेप्टुआजिंटमधली पदवी असेल, पपायरसांवरची गुलामांच्या खरेदीविक्रीची कागदपत्रे असतील, फिलेमोनाचे सोळावे वचन असेल. मग ‘दास’खाली मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशातला अर्थ, दासबोधातली दास्यभक्ती, ‘गुलाम’खाली फुले. कोणत्या वचनात कोणता शब्द का, हे वाचकाला स्वतः ठरवता येईल.

काम दिसते तेवढे अफाट नाही. नव्या करारात पन्नास किंवा अधिक वेळा येणारे शब्द तीनशेच्या आसपास आहेत, आणि मजकुराचा जवळजवळ चार पंचमांश भाग त्यांनीच व्यापलेला आहे. तीनशे नोंदी, प्रत्येक नोंदीत ग्रीकचे आणि मराठीचे खरे दाखले. ग्रीक जाणणारे दोघेतिघे आणि जुनी मराठी जाणणारे दोघेतिघे एकत्र बसले तर सुरुवात फिलेमोनाच्या पत्राने करता येईल. ते एका बैठकीत वाचून होते.